हार्ड डिस्क ‘फॉरमॅट करायची का’ विचारतेय? आधी फाइली काढा, दुरुस्ती नंतर

एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, दिवा लागला, आत फिरायचा आवाज पण आला, आणि फोल्डर उघडायच्या ऐवजी विंडोजनं मेसेज टाकला की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? इथं बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. एकतर ‘फॉरमॅट डिस्क’ दाबून मोकळे होतात कारण विंडोजच सांगतंय म्हणजे बरोबरच असणार, नाहीतर कुठला तरी व्हिडिओ बघून चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) मारतात. दोन्ही दुरुस्तीची कामं आहेत, आणि घोळ तिथंच होतो. डिस्क दुरुस्त करणं वेगळं आणि डिस्कमधल्या फाइली काढणं वेगळं. दुरुस्ती म्हटली की डिस्कवर काहीतरी नवीन लिहिलं जाणार, आणि फाइली काढायच्या असतील तर त्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नसतं. आधी काढायचं, मग काय दुरुस्त्या करायच्या त्या करत बसायचं. माझ्याकडे ज्या डिस्क ‘आता काहीच होऊ शकत नाही’ या अवस्थेत येतात ना, त्यातल्या बऱ्याच मूळ बिघाडानं नाही तर नंतरच्या उपचारांनी गेलेल्या असतात.

तर नक्की बिघडतं काय ते बघू, कारण ‘पार्टिशन उडालं’ म्हटलं की लोकांना वाटतं आतलं सगळं पुसलं गेलं. हार्ड डिस्क म्हणजे नंबर टाकलेल्या खणांची एक लांबच लांब रांग, एकेका खणाला सेक्टर म्हणतात आणि एका सेक्टरात साधारणपणे ५१२ बाइट मावतात. १ टीबीच्या डिस्कमध्ये असे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात (विंडोजमध्ये हीच डिस्क ९३१ जीबी दिसते, कुणी फसवलेलं नाहीये, कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं, एवढंच). या रांगेतला कुठपासून कुठपर्यंत सी ड्राइव्ह, कुठून डी, हे डिस्कच्या सुरवातीला एका छोट्या तक्त्यात लिहिलेलं असतं, तोच पार्टिशन टेबल. सातबारा आणि जमीन यांचं जे नातं तेच इथं. तलाठ्याकडचा कागद जळला म्हणून शेत कुठं जात नाही, बांध तिथंच, विहीर तिथंच, फक्त कुठला गट कुठून कुठपर्यंत हे कागदावर दाखवता येत नाही.

आणि हा कागद किती छोटा असतो बघा. जुनी एमबीआर पद्धत १९८३ पासूनची, आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर डॉस २.० आलं तेव्हाची. यात डिस्कचा अगदी पहिला, म्हणजे शून्य नंबरचा सेक्टर वापरतात. त्याच्या ५१२ बाइटमधले पहिले ४४६ बाइट मशीन चालू करायच्या कोडसाठी, मग १६ बाइटची एक अशा चार पार्टिशनच्या चार नोंदी म्हणजे ६४ बाइट, आणि शेवटी दोन बाइटचा शिक्का, ५५ एए. झालं. तुमचे दहा वर्षांचे फोटो, जीएसटीची रिटर्न्स, पोरांचे प्रोजेक्ट, सगळं ‘दिसतं’ ते या ६४ बाइटच्या जिवावर. ते बिघडले की विंडोज म्हणतं इथं काहीच नाही, अनअलोकेटेड आहे. नवीन जीपीटी पद्धत बरीच शहाणी आहे, तिच्यात १२८ नोंदींची जागा असते, तक्ता खराब झालाय का हे ओळखायला चेकसम असतो आणि मुख्य म्हणजे अख्ख्या तक्त्याची दुसरी कॉपी डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. त्यामुळे जीपीटी डिस्कची नुसती सुरवात बिघडली असेल तर जीडिस्कसारखं टूल शेवटची कॉपी उचलून पुढं आणून ठेवू शकतं. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला जीपीटीच लागतं, कारण एमबीआरमध्ये सेक्टरचा नंबर ३२ बिटांत लिहितात आणि ५१२ बाइटच्या हिशोबानं तो तिथंच संपतो.

हा झाला वरचा मजला. खाली प्रत्येक पार्टिशनच्या आत स्वतःची वेगळी व्यवस्था असते, ती फाइल सिस्टीम. विंडोजच्या डिस्कवर बहुतेक वेळा एनटीएफएस, १९९३ ला विंडोज एनटी ३.१ बरोबर आलेली. एनटीएफएस पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरला बूट सेक्टर म्हणतात, हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडला तर सुरवातीला ईबी ५२ ९० असे तीन बाइट दिसतात आणि लगेच पुढं चक्क एनटीएफएस ही अक्षरं. याच सेक्टरात लिहिलेलं असतं की एमएफटी कुठून सुरू होते. एमएफटी म्हणजे फाइलींची नोंदवही, प्रत्येक फाइलीची साधारण १०२४ बाइटची एक नोंद, तिच्यात फाइलीचं नाव, तारीख, साइज, आणि फाइलीचे तुकडे डिस्कवर कुठं कुठं पडलेत त्याची यादी. नावं युनिकोडमध्ये असतात त्यामुळे ‘ताईचं लग्न’ असं फोल्डर असेल तर एमएफटी शाबूत असताना ते त्याच नावानं परत मिळतं. अगदी चिल्लर टेक्स्ट फाइल तर त्या नोंदीतच मावून जाते, तिला बाहेर वेगळी जागाच लागत नाही.

म्हणजे बिघाड तीन ठिकाणी होऊ शकतो आणि लक्षणांवरून बराचसा अंदाज येतो. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडायचं, फक्त बघायला, आणि तिथं ‘इनिशियलाइज करा’ म्हणाला तर कॅन्सल, कारण इनिशियलाइज म्हणजे नवीन कोरा तक्ता लिहिणं. डिस्क ‘नॉट इनिशियलाइज्ड’ किंवा ‘अनअलोकेटेड’ दिसतेय तर पार्टिशन टेबल गेलाय. पार्टिशन दिसतंय, साइज पण बरोबर आहे, पण पुढं ‘रॉ’ लिहिलंय तर टेबल ठीक आहे आणि बूट सेक्टर किंवा फाइल सिस्टीमला मार बसलाय. आणि ड्राइव्ह उघडतोय पण निम्मी फोल्डर गायब किंवा नावांच्या जागी कचरा, तर नोंदवहीतच गडबड. पहिली दोन लक्षणं दिसायला भयंकर पण काढायला सगळ्यात सोपी, हे लोकांना सांगून खरं वाटत नाही. तिसरं मात्र किचकट.

पण थांबा, याच तिन्ही लक्षणांमागं एक चौथी गोष्ट लपलेली असू शकते, ती म्हणजे डिस्कच मरायला टेकलीय. शून्य नंबरचा सेक्टर वाचताच येत नसेल तर विंडोजला तक्ता दिसणार कुठून? त्यामुळे सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कान द्या. टक्-टक्-टक् असा एकसारखा आवाज, किंवा फिरायला सुरवात होऊन बंद पडणं, परत फिरणं, असलं काही असेल तर केबल काढा आणि पुढचं सगळं विसरा. आतलं हेड प्लेटच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, ते बिघडलेलं असताना डिस्क जितका वेळ फिरेल तितकं घासून निघतं. फ्रीजमध्ये ठेवायची, हळूच ठोकायची, घरी उघडून ‘बघायची’, हे सगळे उद्योग डिस्कला स्मशानात पोचवायचे. अशा डिस्क धूळमुक्त खोलीतच उघडाव्या लागतात.

आवाज बरा असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट टूलमध्ये स्मार्टचे आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती) बघायचे. तिथं बऱ्याच ओळी असतात, त्यातल्या तीनच बघा: ५ नंबरला रिअलोकेटेड सेक्टर, १९७ ला करंट पेंडिंग सेक्टर आणि १९८ ला अनकरेक्टेबल. तिन्ही शून्य तर मन शांत. १९७ मध्ये काही आकडा असेल तर डिस्कला काही सेक्टर वाचता येत नाहीयेत, मग घाई करायची आणि घाईतही फक्त कॉपी काढायची. (हे टूल आकडे आधी हेक्समध्ये दाखवतं, त्यामुळे ‘१०’ दिसलं तर ते सोळा असतं, सेटिंगमध्ये बदलून घ्या.)

अजून एक गंमत, जी माहीत नसल्यामुळे चांगल्या डिस्कचा बळी जातो. ३ टीबी किंवा त्यावरच्या काही टेबलावर ठेवायच्या एक्स्टर्नल डिस्क असतात, त्यांचं केसिंग कॉम्प्युटरला ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर असल्याचं सांगतं. केसिंगचा अडॅप्टर जळतो, कुणीतरी डिस्क बाहेर काढून थेट साटा केबलला (कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडतात ती) लावतं, आणि डिस्क ‘रॉ’. झालेलं काय असतं, तक्त्यात लिहिलेलं असतं की पार्टिशन २५६ नंबरच्या सेक्टरपासून सुरू, आणि ४०९६ च्या हिशोबानं ते म्हणजे बरोबर १ एमबीवर. आता थेट केबलवर सेक्टर ५१२ चा झाला, तर २५६ गुणिले ५१२ म्हणजे १२८ केबीवर जाऊन विंडोज शोधतंय आणि तिथं काहीच नाहीये. डिस्कमध्ये काडीचा बिघाड नाही! तसलंच दुसरं केसिंग मिळवून त्यात टाकली की सगळं जसंच्या तसं. काही पोर्टेबल डिस्कमध्ये तर यूएसबीच्या सर्किटवरच एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद सांकेतिक करून ठेवणं) असतं, तिथं मूळ सर्किटशिवाय आतला डेटा नुसता गोंधळ दिसतो. म्हणून पार्टिशन उडाल्याचा निष्कर्ष काढायच्या आधी दुसरी केबल, दुसरा पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर एवढं तरी करून बघायचंच.

आता मुख्य काम. पहिली पायरी म्हणजे इमेज काढणं, अख्ख्या डिस्कची सेक्टर टू सेक्टर कॉपी. लोकांना हा सगळ्यात कंटाळवाणा भाग वाटतो आणि त्यासाठी तेवढीच किंवा मोठी रिकामी डिस्क विकत आणावी लागते म्हणून टाळतात. टाळू नका. इमेज हातात असली की मग तिच्यावर कितीही प्रयोग करा, चुकलं तर परत मूळ डिस्कवरून कॉपी काढता येते, आणि मूळ डिस्क तोवर काढून ड्रॉवरमध्ये. धडधाकट १ टीबी डिस्क यूएसबी ३ वर तीन तासांच्या आसपास घेते, जुन्या यूएसबी २ वर अख्खी रात्र धरून चाला. इमेज जिथं ठेवणार ती डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असावी, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही.

डिस्कमध्ये खराब सेक्टर असतील तर यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यूला तोड नाही. फुकट आहे, लिनक्सवर चालतं, सिस्टमरेस्क्यू नावाची लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) लिनक्स पेनड्राइव्हवर टाकली की त्यात टेस्टडिस्कसकट तयारच मिळतं (उबुंटूवर इन्स्टॉल करताना पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू असं शोधा). याची अक्कल अशी की अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही. पहिल्या फेरीत जे पटापट वाचता येतंय ते सगळं उचलतं आणि खराब पट्टे सोडून पुढं पळतं, नंतरच्या फेऱ्यांत त्या पट्ट्यांच्या कडा कुरतडत आत जातं. कुठला भाग झाला कुठला राहिला हे मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणजे मधेच लाइट गेली तरी जिथं थांबलं तिथून पुढं चालू. फक्त कमांडमधला क्रम डोळ्यात तेल घालून बघा, आधी सोर्स, मग कुठं कॉपी करायचं ते, मग मॅपफाइल. लिनक्समध्ये डिस्कला एसडीए, एसडीबी असली नावं असतात आणि दोन्ही डिस्क १ टीबीच्या असतील तर उलटं व्हायला एक सेकंद लागतो, मग रिकाम्या डिस्कवरची शून्यं तुमच्या डेटावर. मॉडेल नंबर आणि सिरियल जुळवूनच एंटर. आणि हो, लिनक्समध्ये ती डिस्क माउंट करायची नाही, म्हणजे फाइली बघायला उघडायची नाही, ‘फक्त वाचायला’ म्हणून माउंट केली तरी लिनक्सची एक्स्ट४ सारखी फाइल सिस्टीम स्वतःचा जर्नल (बदलांची नोंद) आवरायला म्हणून डिस्कवर लिहून ठेवते.

इमेज झाली की टेस्टडिस्क. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं, ओपन सोर्स, फुकट, आणि दिसायला अगदी डॉसच्या काळातलं, काळा स्क्रीन आणि बाणाच्या की. दिसण्यावर जाऊ नका. ते काय करतं तर अख्खी डिस्क चाळून पार्टिशनांच्या सुरवातीच्या खुणा शोधतं, एनटीएफएसचा बूट सेक्टर कुठं, फॅटचा कुठं, आणि त्यावरून गेलेला तक्ता परत मांडून दाखवतं.

हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते एका केसवरून सांगतो. तालुक्याच्या गावातला एक फोटो स्टुडिओवाला, १ टीबीची डिस्क, लग्नसराईतलं सगळं शूटिंग तिच्यात, कॉपी चालू असताना लाइट गेली. लाइट आल्यावर फोन, “सर फॉरमॅट विचारतंय, ओके करू का?” नको रे बाबा! डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन दिसत होतं, ९३१ जीबी, पुढं रॉ. स्मार्टचे आकडे स्वच्छ. इमेज काढली, टेस्टडिस्कला ती इमेज उघडायला दिली, टेबलचा प्रकार त्यानं स्वतःच ओळखून इंटेल सुचवला (एमबीआरला ते इंटेल म्हणतं), अॅनालाइज केलं तर लाल मेसेज, इनव्हॅलिड एनटीएफएस बूट. पार्टिशनची सुरवात ० ३२ ३३ अशी दाखवत होतं. हे आकडे बघून घाबरायचं नाही, ती सिलिंडर-हेड-सेक्टरची जुनी मोजणी आहे आणि ० ३२ ३३ म्हणजे सरळ हिशोबात सेक्टर २०४८, बरोबर १ एमबी. व्हिस्टापासून विंडोज पार्टिशन तिथूनच सुरू करतं, त्यामुळे हा आकडा दिसला की जीवात जीव येतो. एक्सपीच्या काळातली डिस्क असेल तर ० १ १ दिसतं, म्हणजे सेक्टर ६३. याहून भलतंच काही दिसलं तर मात्र जरा संशय घ्यायचा.

मग अॅडव्हान्स्ड मेनू, तिथं पार्टिशन निवडून बूट. स्क्रीनवर ओळी आल्या: बूट सेक्टर बॅड, बॅकअप बूट सेक्टर ओके, दोन्ही सेक्टर सारखे नाहीत. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची एक कॉपी पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरात ठेवतं, आणि ती शाबूत होती, म्हणजे दुखणं मोजून ५१२ बाइटचं. खाली ‘बॅकअप बीएस’ असा पर्याय असतो, तो दाबला की शेवटची कॉपी सुरवातीला येऊन बसते. इमेजवर तो दाबला, लिस्ट मारली, आणि नावांसकट सगळी फोल्डर समोर. हे इमेजवर केलं म्हणून बिनधास्त करता आलं. फॅट३२ असेल तर हीच सोय पार्टिशनच्या ६ नंबरच्या सेक्टरात असते, आणि लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये सुपरब्लॉकच्या (तिथली फाइल सिस्टीमची मुख्य नोंद) कॉप्या जागोजागी, पहिली बहुतेक वेळा ३२७६८ नंबरच्या ब्लॉकला.

टेबलच गेला असेल तर रस्ता थोडा वेगळा, क्विक सर्च, त्यात नाही सापडलं तर डीपर सर्च. डीपरमध्ये कधीकधी जुनी पार्टिशनं पण भूतासारखी वर येतात, चार वर्षांपूर्वी ज्या साइजचा डी ड्राइव्ह होता तो, आणि त्या एकमेकांवर चढलेल्या दिसतात. कुठलं खरं ते कसं ओळखायचं? त्या ओळीवर जाऊन पी दाबायचं, आतल्या फाइली दिसतात. ताज्या फाइली ज्यात दिसतील ते खरं. तिथूनच फाइली निवडून सी दाबून दुसऱ्या डिस्कवर कॉपी पण करता येतात, ‘राइट’ दाबायची, म्हणजे तक्ता डिस्कवर लिहायची गरजच नाही, आणि मी शक्यतो असंच करतो. राइटची खुमखुमी नंतर.

आता चेकडिस्कचं बोलू, कारण त्याबद्दल गैरसमज फार. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टीम परत सुसंगत करणं, तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नाहीच. ज्या नोंदीचा ताळमेळ लागत नाही ती ते काढून टाकतं किंवा फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फाइलींचा ढीग करून ठेवतं. चालू सिस्टीमच्या किरकोळ दुखण्याला उत्तम, पण फाटलेल्या एमएफटीवर मारलं तर जी माहिती वापरून आपण फोल्डर परत जुळवणार होतो तीच साफ. कॉम्प्युटर चालू होताना कधीकधी ते आपणहून सुरू व्हायला बघतं, उलटे आकडे मोजत, तेव्हा कुठली तरी की दाबून थांबवा. फॉरमॅटचं पण तसंच, क्विक फॉरमॅट मारला असेल तर अजून बरंच हाताला लागतं, पण व्हिस्टानंतरचा फुल फॉरमॅट अख्ख्या पार्टिशनवर शून्यं लिहितो, मग विषय संपला.

नोंदवहीलाच मार बसलेली जी तिसरी केस, ती हल्ली सगळ्यात जास्त एका कारणानं होते: विंडोजचा बूटेबल पेनड्राइव्ह बनवताना लिस्टमधून चुकून एक्स्टर्नल डिस्क निवडली जाते. बनवणारं सॉफ्टवेअर तक्ता बदलतं, नवीन फॉरमॅट मारतं आणि वर ५-६ जीबी फाइली ओततं. आता विंडोजनं फॉरमॅट केलेल्या मोठ्या एनटीएफएस पार्टिशनमध्ये एमएफटी बहुतेक वेळा सुरवातीपासून ३ जीबीच्या आसपास चालू होते, म्हणजे ओतलेला माल नेमका तिच्यावर पडायची शक्यता. एमएफटीची जी आरसा-कॉपी असते तिच्यात फक्त पहिल्या चार नोंदी असतात, त्या भरवशावर राहता येत नाही. पण भरपूर वापरलेल्या डिस्कमध्ये एमएफटीचे पुढचे तुकडे दुसरीकडं पण पडलेले असतात, आणि प्रत्येक नोंद ‘फाइल’ या चार इंग्रजी अक्षरांनी सुरू होत असल्यामुळे डीएमडीई किंवा आर-स्टुडिओसारखी टूल्स अख्खी डिस्क चाळून अशा विखुरलेल्या नोंदी गोळा करतात आणि त्यातून फोल्डरांचं झाड परत उभं करतात. डीएमडीईच्या फुकट आवृत्तीत पण एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फाइली काढता येतात, घरगुती कामाला पुष्कळ झालं. या केसमध्ये टेस्टडिस्कच्या मागं लागण्यात अर्थ नसतो.

आणि नोंदी पण मिळेनात तर शेवटचा उपाय, फोटोरेक, टेस्टडिस्कबरोबरच येतं. हे तक्ता, नोंदवही काहीच विचारात घेत नाही, सरळ सेक्टरमागून सेक्टर वाचत फाइलींच्या सुरवातीच्या खुणा शोधतं, जेपीईजी असेल तर एफएफ डी८ एफएफ, पीडीएफ असेल तर टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं. फाइली निघतात पण नावं नसतात, फोल्डर नसतात, रेकप डिर नावाच्या प्रत्येक फोल्डरमध्ये पाचशे पाचशे फाइलींचे गठ्ठे आणि नाव म्हणजे एफच्या पुढं सेक्टरचा नंबर. टीनं सुरू होणाऱ्या फाइली दिसल्या तर त्या फोटोच्या आतली छोटी थंबनेल्स आहेत, आधी त्या बाजूला करा, अर्धा ढीग कमी होतो. फोटोंच्या आत कॅमेऱ्यानं टाकलेली तारीख असते, त्यावरून लावता येतात. व्हिडिओंचं मात्र अवघड आहे, फाइल डिस्कवर एकसलग नसेल तर फोटोरेकला पुढचा तुकडा कुठं आहे ते कळत नाही, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांच्या एमपी४ मध्ये व्हिडिओची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते, शेवट नाही मिळाला की फाइल चालतच नाही. म्हणून थेट फोटोरेकवर उडी मारू नका. लोकं मारतात, आणि नावं-फोल्डर शाबूत असताना बिननावी फाइलींच्या डोंगरात आठवडाभर बसतात.

एसएसडी असेल तर वेगळी गोष्ट. नुसता तक्ता बिघडला असेल तर वरचं सगळं लागू, पण फॉरमॅट किंवा डिलीट झालं असेल तर विंडोज ७ पासून ट्रिम नावाची सूचना जाते की या जागा आता मोकळ्या, आणि एसएसडी त्या आतून खरंच साफ करून टाकते. तिथं कुठलंही सॉफ्टवेअर काही काढू शकत नाही, वेबसाइटवर काहीही लिहिलेलं असो.

आणि लॅपटॉपच्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे का ते बघाच, विंडोज ११ च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन गुपचूप चालू होतं आणि मालकाला पत्ता नसतो. तेव्हा ४८ अंकी रिकव्हरी की लागते, ती बहुतेक त्याच अकाउंटमध्ये ऑनलाइन सेव्ह असते. ती नसेल तर पार्टिशन कितीही सुंदर परत मिळालं तरी आत काही वाचता येणार नाही.

दुकानात किंवा रिकव्हरीवाल्याकडं न्यायची वेळ कधी? आवाज येत असेल, डिस्क बायोसमध्ये दिसतच नसेल, किंवा डीडीरेस्क्यूचा स्पीड काही केबीवर येऊन तासन्‌तास तिथंच अडकला असेल तर. देताना एवढंच विचारा की आधी इमेज काढणार का थेट डिस्कवर स्कॅन लावणार. थेट स्कॅन म्हणाला तर डिस्क उचलून घरी या. आणि ‘डेटा नाही निघाला तर पैसे किती’ हे आधीच कागदावर घ्या, बोलण्यावर जाऊ नका.

फाइली निघाल्या की नुसती यादी बघून खूश होऊ नका, उघडून बघा. साइज बरोबर पण आत नुसती शून्यं, किंवा वरचा अर्धा फोटो नीट आणि खाली राखाडी पट्टा, हे प्रकार सर्रास असतात. प्रत्येक फोल्डरमधल्या सगळ्यात मोठ्या फाइली आधी तपासायच्या, तुकड्यांचा घोळ असेल तर तिथंच दिसतो. व्हिडिओ फक्त सुरवातीला नाही, मधे आणि शेवटी नेऊन चालवा. त्यानंतर मूळ डिस्कचं काय करायचं ते स्मार्टचे आकडे ठरवतात, स्वच्छ असतील तर नव्यानं पार्टिशन करून फुल फॉरमॅट मारा आणि वापरा, १९७-१९८ मध्ये काही असेल तर ती डिस्क पोराला गेम टाकायला सुद्धा देऊ नका. इमेज मात्र लगेच उडवायची नाही, कितीही जागा खात असली तरी. स्टुडिओवाल्याला सगळे फोल्डर बघून झाले, अल्बम छापायला गेले, आणि मग एक दिवस फोन आला की हळदीचं ड्रोन शूटिंग वेगळ्या फोल्डरला होतं, ते ‘न्यू फोल्डर ३’ मध्ये असावं बहुतेक, बघता का जरा.